कारखान्याचं मैदान, नऊ विजेतेपदं : वाल्केआकोस्कीचा हाका

तांपेरेकर

गेली सहा वर्षं फिनलंडमधल्या तांपेरे शहरात राहतोय. माझं काम लेबलच्या कागदाशी संबंधित आहे, म्हणजे औषधाच्या बाटलीवर, लोणच्याच्या बरणीवर जी चिकटपट्टी असते तिचा कागद. त्यामुळे महिना-दोन महिन्यांतून एकदा वाल्केआकोस्कीला फेरी होते. तांपेरेच्या दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटरवरचं हे गाव, वस्ती वीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावाचीही यापेक्षा जास्त असते.

पहिल्या फेरीतच तिथल्या फुटबॉल मैदानाचं नाव वाचलं : तेहतान केन्त्ता. तेहदास म्हणजे कारखाना, केन्त्ता म्हणजे मैदान. 'कारखान्याचं मैदान', एवढंच. कुणा राजाचं नाव नाही, पुढाऱ्याचं नाही. तिथे खेळणाऱ्या क्लबचं नाव हाका. या क्लबने फिनलंडचं राष्ट्रीय विजेतेपद नऊ वेळा जिंकलंय आणि फिनिश चषक बारा वेळा. चषकांच्या यादीत राजधानीतला बलाढ्य एचजेके सोडला तर कुणी त्यांच्या पुढे नाही. तेव्हापासून मी या क्लबच्या मागे लागलोय. मराठीत यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी नावाबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. न्यूझीलंडचे रग्बी खेळाडू सामन्याआधी मांड्या थोपटत जो हाका करतात त्याच्याशी याचा संबंध नाही. फिनिशमध्ये हाका म्हणजे आकडा किंवा कडी, आणि कुंपण घातलेल्या कुरणालाही हाका म्हणतात. मला मात्र पहिल्यांदा ऐकताना आपल्या हाकाच आठवल्या. मैदानाबाहेर उभं राहून कुणाला तरी हाका मारतात तसं.

गावाच्या नावातच सगळा इतिहास आहे. वाल्केआ म्हणजे पांढरा आणि कोस्की म्हणजे नदीचा उतारावरचा खळाळ. फिनलंडमध्ये जिथे कोस्की, तिथे पाण्याच्या जोरावर चालणारी चक्की, आणि जिथे चक्की तिथे पुढे कागद कारखाना. आजूबाजूला जंगल, लाकूड वाहून आणायला तळी आणि नद्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी कितीतरी गावं उभी राहिली. वाल्केआकोस्कीतला कारखाना पुढे 'युहत्युनेत पापेरितेहतात' या कंपनीकडे गेला. नावाचा अर्थ 'संयुक्त कागद कारखाने'. १९२० मध्ये रुडॉल्फ वालदेन यांनी ती उभी केली आणि नंतर त्यांचा मुलगा यूसो वालदेन यांनी चालवली. आज जगभर यूपीएम म्हणून ओळखली जाणारी कंपनी याच परंपरेतली.

हाकाची स्थापना १९३४ ची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत यूसो वालदेन यांनी क्लबवर अक्षरशः माया केली. ते जुन्या पद्धतीचे कारखानदार होते. फिनिशमध्ये अशा माणसाला 'पात्रूना' म्हणतात, आपल्याकडच्या 'मालक' या शब्दात जो धाक आणि जी आपुलकी एकत्र असते, साधारण तसा शब्द. त्या काळी फिनलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हताच. खेळाडू हौशी. अशा वेळी ज्या गावात चेंडू चांगला खेळणाऱ्या पोराला नोकरी आणि घर मिळू शकतं, त्या गावाचा संघ पुढे जाणारच. १९५५ मध्ये फिनिश चषक स्पर्धा सुरू झाली आणि तिचा पहिलाच मानकरी ठरला हाका. १९६० मध्ये लीग आणि चषक दोन्ही. १९६२ आणि १९६५ मध्ये पुन्हा लीग.

त्या संघातला युहानी पेल्तोनेन याच गावचा. १९६४ मध्ये तो हॅम्बुर्गला गेला. जर्मनीची बुंडेसलीगा तेव्हा जेमतेम एक वर्षाची होती आणि तिच्यात खेळणारा तो पहिला फिनिश खेळाडू. पुढे युरोपभर गाजलेला फिनिश खेळाडू यारी लित्मानेन वगैरे मंडळी आली त्याच्या पाव शतक आधी, एका कागद कारखान्याच्या गावातून एक जण तिथपर्यंत पोचला होता. फिनलंडबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही याची मला खंत वाटते.

१९७७ मध्ये पुन्हा एकदा लीग आणि चषक. आणि मग येतो १९८३-८४ चा हंगाम, ज्यासाठी खरं तर मी हा धागा काढला.

चषक जिंकणाऱ्या संघांची युरोपात तेव्हा एक वेगळी स्पर्धा होती, कप विनर्स कप. हाकाने आधी आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सला हरवलं, मग शेजारच्या स्वीडनच्या हामारब्यूला. उपान्त्यपूर्व फेरीत समोर कोण आलं? इटलीचा युव्हेंटस. प्रशिक्षक त्रापात्तोनी. मिशेल प्लातिनी, पोलंडचा बोनिएक, आणि १९८२ चा विश्वचषक जिंकलेल्या इटलीचे रोस्सी, तार्देल्ली, शिरेआ, जेंतिले, काब्रिनी. या नावांनी भरलेला क्लब आणि समोर वीस हजार वस्तीचं गाव.

फेरी मार्चमध्ये होती. मार्चमध्ये वाल्केआकोस्कीत काय असतं ते मी सहा वर्षं बघतोय : गोठलेलं तळं, रस्त्याच्या कडेला कमरेएवढा बर्फाचा ढीग, मैदान कुठे संपतं आणि वाहनतळ कुठे सुरू होतो ते कळत नाही. गावात सामना होणं शक्यच नव्हतं. म्हणून हाकाचा 'घरचा' सामना खेळवला गेला फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गच्या मेनो मैदानावर. तारीख ७ मार्च १९८४. त्यातही फिनलंडचा हंगाम ऑक्टोबरात संपतो, म्हणजे हाकाचे खेळाडू चारेक महिने एकही अधिकृत सामना न खेळता युव्हेंटससमोर उभे राहिले होते.

नव्वदाव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग विन्योलाने गोल केला आणि युव्हेंटस १-० ने जिंकलं. दोन आठवड्यांनी तुरिनमध्ये तार्देल्लीने सुरुवातीलाच एक गोल केला, त्यानंतर हाकाने दुसरा होऊ दिला नाही. दोन सामने, एकूण दोन गोल. पुढच्या फेरीत मँचेस्टर युनायटेड बाद झालं आणि बाझेलमधल्या अंतिम सामन्यात पोर्तोला हरवून युव्हेंटसने तो चषक नेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा निकालापेक्षा स्ट्रासबर्गच मनात रुतून बसलं. क्लबच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा घरचा सामना, आणि तो घरापासून सतराशेहून अधिक किलोमीटरवर. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं कारखान्याची पाळी संपवून या संघासाठी मैदान गाठलं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला तो सामना आलाच नाही. प्लातिनीचा क्लब त्यांच्या गावाचा पाहुणा होता आणि गावाला त्याला बघता आलं नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकात आणखी तीन चषक. १९९५ मध्ये लीग, लगेच १९९६ मध्ये दुसऱ्या पातळीवर घसरण. १९९७ मध्ये दुसऱ्या पातळीवरून खेळत असतानाच चषक जिंकला आणि वरही आले. त्यानंतर इंग्लंडहून येऊन फिनलंडमध्ये रमलेल्या कीथ आर्मस्ट्राँगच्या हाताखाली १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन विजेतेपदं. वर चढल्या चढल्या सलग तीन, हे कुठल्याही देशात सोपं नाही. नववं आणि आजवरचं शेवटचं विजेतेपद २००४ चं, तेव्हा प्रशिक्षक होता ओल्ली हुत्तुनेन. हा त्याआधी हाकाचाच गोलरक्षक, १९८० च्या दशकभर त्याने तो गोल सांभाळला होता.

नंतर उतरती कळा लागली. कागदाच्या धंद्याला ओहोटी, कंपनीचा हात हळूहळू सैल. २०१२ मध्ये हाका खाली घसरला आणि तब्बल सात हंगाम खालीच राहिला. टॉटनहॅममध्ये खेळून आलेल्या तेमू ताइनियोच्या प्रशिक्षणाखाली २०१९ मध्ये दुसरी पातळी जिंकून २०२० ला पुन्हा वर आला.

कुणाला फिनिश फुटबॉलबद्दल आणखी काही माहीत असेल तर जरूर लिहा. कुणी वाल्केआकोस्कीला गेलं असेल तर फारच छान.

---

पेठेतला_पोरगा

वाचनखूण साठवली! मी कोल्हापूरचा, त्यामुळे गाव आणि फुटबॉल एवढं म्हटलं की लगेच कान टवकारतात. आमच्याकडे पेठेपेठेचा संघ, तालमीचं नाव, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरात कुणी सापडत नाही. पण आमच्या संघांच्या मागे तालीम आणि मंडळं आहेत, मालक नाही. एका मालकाच्या मर्जीवर उभा राहिलेला संघ गावाला 'आपला' वाटतो का, हा माझा खरा प्रश्न.

दुसरं, हंगाम नेमका कधी असतो? ऑक्टोबरात संपतो म्हणता, मग सुरू कधी?

---

तांपेरेकर

@पेठेतला_पोरगा, एप्रिल ते ऑक्टोबर. युरोपातल्या बहुतेक लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतात, इथे बरोबर उलटं. बर्फ वितळला की फुटबॉल, बर्फ पडला की आइस हॉकी. खरं सांगायचं तर या देशाचा जीव हॉकीत आहे, फुटबॉलला नेहमीच दुसरी जागा. त्यामुळे वाल्केआकोस्कीसारखं गाव, जिथे फुटबॉलच पहिला, ते इथेही वेगळंच मानलं जातं.

मालकाच्या प्रश्नाबद्दल माझं मत असं : मैदानाचं नाव बघा. 'वालदेन मैदान' असं नाही ठेवलं, 'कारखान्याचं मैदान' म्हणतात. आणि कारखाना म्हणजे त्या गावात मालक नव्हे. वडील, मामा, शेजारी, शाळेतल्या मित्राची आई, सगळे जिथे जातात ते ठिकाण. तिथला भोंगा, तिथल्या पाळ्या. त्यामुळे संघ कारखान्याचा असला तरी तो गावाचाच होता, निदान मला तरी असंच दिसतं.

---

जुना_दस्तऐवज

लेख आवडला, पण एका जागी अडलो. 'माया केली' हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. फिनलंडचा विसाव्या शतकाचा इतिहास बाजूला ठेवून हे वाचता येणार नाही.

१९१८ मध्ये तिथे यादवी युद्ध झालं, लाल (समाजवादी) आणि पांढरे (त्यांचे विरोधक). औद्योगिक गावांतले कामगार बहुसंख्येने लाल बाजूला. तांपेरे हे तर लालांचं मोठं केंद्र, आणि तिथली लढाई त्या युद्धातली सगळ्यात रक्तरंजित लढाई. तुम्ही ज्या रुडॉल्फ वालदेन यांचा उल्लेख केलाय ते पांढऱ्यांचे सेनापती मानरहाइम यांच्या जवळच्या वर्तुळातले, पांढऱ्या बाजूचे. त्यानंतर युद्धमंत्री झाले, दुसऱ्या महायुद्धात संरक्षणमंत्री होते. यादवीनंतर देशातला खेळसुद्धा दुभंगला. १९१९ मध्ये कामगारांनी आपला स्वतंत्र क्रीडा महासंघ काढला, आणि कित्येक वर्षं कामगारांचे संघ आणि 'बुर्झ्वा' संघ एकमेकांशी खेळतही नव्हते.

या पार्श्वभूमीवर कारखानदाराने क्लबला पैसा देणं, खेळाडूंना नोकरी देणं, मैदान बांधून देणं याला दुसराही अर्थ आहे. कामगाराची रविवारची दुपार कुणाच्या झेंड्याखाली जाते, हा तेव्हा राजकीय प्रश्न होता. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, रविवारचा सामनाही कंपनीचा. मग संपाच्या वेळी आवाज कुठून काढणार? क्लबबद्दल प्रेम असू द्या, पण हा पैसा कुठून आणि कशासाठी आला ते लिहिलंच पाहिजे.

---

तांपेरेकर

@जुना_दस्तऐवज, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि तो माझ्या लेखात असायला हवा होता. तांपेरेत राहून मी १९१८ विसरलो हे मला शोभत नाही. मी रोज ज्या रस्त्यांवरून चालतो तिथे ती लढाई झाली.

'माया' हा शब्द मागे घेत नाही, पण त्याच्या शेजारी तुमचा 'झेंडा' ठेवतो. मला वाटतं दोन्ही खरं होतं. यूसो वालदेन यांना फुटबॉलचं वेड होतं हे खरं, आणि त्या वेडातून कारखान्याशी निष्ठा घट्ट होत होती हेही खरं. पण मला एक विचारावंसं वाटतं. पेल्तोनेन गोल करायचा तेव्हा कठड्याला टेकून ओरडणाऱ्या माणसाला तो गोल कंपनीचा वाटत असेल का? पैसा कशासाठी आला हे मालक ठरवतो. त्यातून लोकांनी काय घेतलं ते मालकाच्या हातात राहत नाही. हाका कंपनीच्या पाठिंब्यापेक्षा जास्त काळ टिकला, याचं कारण मी यातच शोधतो.

---

गिरणकन्या

दोघांचंही वाचलं. माझे वडील विदर्भातल्या एका कागद कारखान्यात होते आणि माझं लहानपण कॉलनीत गेलं. कंपनीचं घर, कंपनीची शाळा, कंपनीचा क्लब, भिजलेल्या बांबूचा आणि लगद्याचा वास. त्या वासाला बाहेरचे नाक मुरडायचे आणि आम्हाला तो घरचा वाटायचा. त्यामुळे जुना_दस्तऐवज म्हणतात ते समजतं, आणि तांपेरेकर म्हणतात ते तर अंगातच आहे. कॉलनीच्या मैदानावर वडिलांच्या खात्याचा संघ जिंकला की आई शिरा करायची. त्यात मालक कुठेच नसायचा.

माझा प्रश्न वेगळा आहे. कारखाना पूर्ण बंद पडला तर क्लबचं काय होतं? वाल्केआकोस्कीतला अजून चालू आहे असं तुमच्या कामावरून दिसतं. पण फिनलंडमध्ये कागदाचे बरेच कारखाने बंद झाल्याचं वाचलंय.

---

तांपेरेकर

@गिरणकन्या, तुमचा प्रतिसाद वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. शिऱ्याचं विशेष आवडलं.

तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते दुःखद आहे. म्युल्युकोस्की. म्युल्यु म्हणजे चक्की, कोस्की म्हणजे खळाळ. फिनलंडच्या आग्नेय भागात क्युमी नदीकाठी. हेही कागद कारखान्याचंच गाव आणि तिथलाही क्लब असाच वर आलेला. नाव म्युपा, स्थापना १९४७.

म्युपाने चषक तीनदा जिंकला, १९९२, १९९५ आणि २००४ मध्ये, आणि लीग एकदा, २००५ मध्ये. १९९२ चा चषक जिंकणाऱ्या संघात यारी लित्मानेन होता. तिथून तो थेट नेदरलंड्सच्या आयॅक्स क्लबला गेला आणि तीन वर्षांत युरोपचा विजेता झाला. त्याच काळात एक उंच, शांत बचावपटू म्युपात घडत होता : सामी ह्यूपिया, जो पुढे दहा वर्षं लिव्हरपूलच्या बचावाचा कणा झाला. फिनलंडच्या इतिहासातली दोन सर्वांत मोठी नावं, एकाच छोट्या गिरणीगावाच्या जर्सीत.

२०११ मध्ये यूपीएमने म्युल्युकोस्की ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाअखेरीस तिथला कारखाना बंद केला. शंभरहून अधिक वर्षं चाललेला कारखाना. त्यानंतर क्लब तीन-चार वर्षं तग धरून राहिला. २०१५ च्या हंगामाच्या तोंडावर पैशाअभावी म्युपाने वरच्या लीगमधून नाव काढून घेतलं.

लक्षात घ्या, हाकाच्या मागे उभी राहिलेली परंपराही यूपीएमचीच. वाल्केआकोस्कीचा कारखाना वाचला कारण तो लेबलच्या खास कागदाकडे वळला. छपाईचा, मासिकांचा कागद लोकांनी वापरायचा सोडला. लेबल मात्र प्रत्येक बाटलीला लागतंच. म्हणजे एका गावाचा क्लब टिकला आणि दुसऱ्याचा कोसळला, यामागचं कारण शोधत गेलात तर ते चेंडूपर्यंत पोचत नाही. कागदाच्या प्रकारापर्यंत पोचतं. मी रोज ज्या कागदाची जाडी मोजतो त्याच्याशी हे जोडलेलं आहे हे कळल्यापासून काम करताना मला वेगळंच वाटतं.

---

गोलपोस्ट

धागा फार आवडला. दोन शंका.

१) १९९८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या मुख्य गटात एचजेके खेळलं होतं ना? मग त्या वर्षीचा विजेता हाका कसा?

२) मार्चमध्ये फिनलंडमध्ये सामना होऊच शकत नाही असं दिसतंय, पण लाहतीच्या कूस्युसीने १९८६ मध्ये स्टेआउआ बुखारेस्टशी घरचा सामना फिनलंडमध्येच खेळला होता असं आठवतं.

---

तांपेरेकर

@गोलपोस्ट, दोन्ही प्रश्न अभ्यासूचे.

पहिलं : एचजेके १९९७ चं विजेतेपद घेऊन पात्रता फेरीत उतरलं. फ्रान्सच्या मेट्झला हरवून गटात पोचलं. फिनलंडच्या क्लबांपैकी तिथवर पोचलेलं तेच पहिलं. गटात कायझर्सलाउटर्न, बेनफिका आणि पीएसव्ही. बेनफिकाला घरी २-० ने हरवलं, बाहेर २-२ बरोबरी. साऱ्या देशाचं लक्ष तिकडे असताना देशातली लीग मात्र नुकतीच खालून वर आलेल्या हाकाने जिंकली. हाकाच्या वाट्याला नेहमी असंच का येतं, मला कळत नाही. त्यांचं मोठं यश नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी बातमीच्या मागे.

दुसरं : बरोबर आठवतंय. कूस्युसी युरोपियन कपच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोचले होते. बुखारेस्टमध्ये ०-० आणि परतीचा सामना मार्च १९८६ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमवर. तीस हजारांवर लोक थंडीत आले. अगदी शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन कूस्युसी १-० ने हरले आणि स्टेआउआ तिथून पुढे जाऊन युरोपचं विजेतं झालं. म्हणजे अशक्य नव्हतं. पण त्यासाठी राजधानीचं स्टेडियम लागलं, लाहतीत तेही झालं नाही. आणि दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, रोवानिएमीचा संघ कप विनर्स कपच्या त्याच फेरीत मार्सेयशी खेळला. रोवानिएमी आर्क्टिक वर्तुळाच्या अगदी काठावर. त्यांचा 'घरचा' सामना कुठे झाला असेल? इटलीच्या टाचेवरच्या लेच्चेमध्ये. नकाशावर ही दोन गावं एकदा शोधून पाहा. युरोपची एक कड सोडून दुसऱ्या कडेला जायचं, तेही घरचा सामना म्हणून.

---

गोलपोस्ट

लेच्चे! हे माहीत नव्हतं. धन्यवाद. आणि हाका-लिव्हरपूल सामनाही झाला होता ना?

---

तांपेरेकर

हो, ऑगस्ट २००१, चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी. त्याआधीच्या फेरीत मकाबी हैफाने बंदी असलेला खेळाडू उतरवला म्हणून निकाल फिरला आणि हाका पुढे गेला. मग लिव्हरपूल. घरचा सामना पुन्हा घराबाहेर, निदान या वेळी देशात, हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्टेडियमवर. ५-० हार, मायकल ओवेनचे तीन गोल. लिव्हरपूलच्या अँफील्ड मैदानावर ४-१.

लिव्हरपूलच्या ताफ्यात तेव्हा ह्यूपिया आणि लित्मानेन दोघंही होते. म्युल्युकोस्कीत चषक उचललेली दोन पोरं इंग्लंडच्या लाल जर्सीत, आणि समोर देशातल्या दुसऱ्या कागदगावाचा संघ. स्टेडियममधल्या माणसांनी नेमक्या कुणासाठी टाळ्या वाजवल्या असतील, याचा विचार मी पुष्कळदा करतो. अँफील्डवरच्या त्या एका गोलाचं मात्र मला फार अप्रूप आहे. कारखान्याच्या मैदानावरून निघून तिथे जाऊन एक गोल केलाच.

---

पेठेतला_पोरगा

कंपनीने हात काढला की संघ संपतो हे आपणही पाहिलंय. मुंबईचा महिंद्र युनायटेड आठवा, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद. पंजाबातला फगवाड्याचा जेसीटी, कापड गिरणीचा संघ, पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा. तोही २०११ मध्ये गेला. त्यामुळे हाका का टिकला याचं उत्तर मला अजून पूर्ण पटलेलं नाही. फक्त लेबलचा कागद?

---

तांपेरेकर

नाही, तेवढंच नाही. मला दिसलेला फरक सांगतो. महिंद्र किंवा जेसीटी हे कंपनीचे संघ होते, कंपनीने ठरवलं की विषय संपला. हाका पहिल्यापासून क्लब होता, म्हणजे सभासदांची संस्था. कंपनी आधार द्यायची, पण क्लब कंपनीचं खातं नव्हतं. इथे फिनलंडमध्ये मुलं पाच-सहा वर्षांची झाली की क्लबच्या मुलांच्या संघात जातात, आईवडील आळीपाळीने गाडी काढतात, सामन्याच्या दिवशी कॉफी आणि सॉसेज विकतात. वरचा संघ घसरला तरी खालची ही बैठक हलत नाही. सात हंगाम खालच्या पातळीवर काढणं ज्याला जमलं त्या क्लबकडे पैशापलीकडचं काहीतरी होतं, एवढं नक्की.

तुमच्या तालमींचंही हेच बळ आहे, नाही का? मालक नाही म्हणून बंद करणाराही कुणी नाही.

---

पेठेतला_पोरगा

हे पटलं. तालीम बंद करायची तर अख्खी पेठ बंद करावी लागेल.

---

जुना_दस्तऐवज

'सभासदांची संस्था' हा मुद्दा महत्त्वाचा. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी मालकाच्या बाजूनेच सगळं बघितलं. तेही अपुरंच.

---

अनघा_प्र

मी इथे फक्त वाचायला येते, पण आज लिहिते आहे. जूनमध्ये मुलीकडे हेलसिंकीला जाणार आहे. नातू नऊ वर्षांचा, फुटबॉलवेडा. त्याला घेऊन या मैदानावर जायचंय. कसं जायचं, तिकीट आधी काढावं लागतं का, आणि सामना रात्री असला तर परतायला अंधार नाही ना होणार?

---

तांपेरेकर

@अनघा_प्र, ताई, नक्की जा!

वाल्केआकोस्कीत प्रवासी रेल्वे जात नाही. हेलसिंकीहून तांपेरेपर्यंत रेल्वेने या आणि तिथून बस घ्या. सामन्यांच्या तारखा क्लबच्या संकेतस्थळावर असतात. मी तरी आजवर तिकीट दारावरच काढत आलोय. मैदान छोटं आहे, साडेतीनेक हजार प्रेक्षकांचं, त्यामुळे कुठेही बसलात तरी खेळाडूंचे आवाज ऐकू येतात. नातवाला कठड्याजवळ उभं राहू द्या. स्वेटर मात्र दोघांनीही बरोबर ठेवा, जूनमध्येही संध्याकाळी गार वारा सुटतो.

अंधाराची काळजीच नको. जूनमध्ये इथे रात्री अकराला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही काळोख होत नाही. सामना संपल्यावर वेळ असेल तर खालच्या कालव्यापर्यंत चालत जा, तिथून कारखाना दिसतो.

बसचालकाला विचारायचं झालं तर 'तेहतान केन्त्ता' म्हणा. फिनिशमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर असतो, म्हणजे 'ते' आणि 'के' ठासून. नातवाला आधीच शिकवून ठेवा, तोच विचारेल.

---

अनघा_प्र

खूप धन्यवाद. त्याला आत्ताच फोनवर शिकवलं. तो विचारतोय, युव्हेंटस परत येणार आहे का तिथे?